सनरूफ गळत नाही, त्याची पन्हळ तुंबते

कराडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. तीन वर्षं वापरातली, सनरूफवाली छोटी एसयूव्ही. मागच्या रविवारी घरची मंडळी ठोसेघरला गेली होती, दिवसभर पाऊस. परत येताना उताराला ब्रेक मारला की आरशाजवळच्या दिव्यातून पाणी टपकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या सीटसमोरचं मॅट पिळून काढावं इतकं ओलं. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, रबर गेलंय, सनरूफची अख्खी असेंब्ली बदला. दुसरा म्हणाला, काचेच्या कडेनं सिलिकॉन भरून देतो, पुन्हा थेंब येणार नाही. ताई विचारतात, कुणाचं ऐकू?

ताई, सध्या दोघांचंही ऐकू नका. मी साताऱ्यात बावीस वर्षं गाड्यांचं बॉडी आणि वायरिंगचं काम करतो. पूर्वी सनरूफची गाडी सहा महिन्यांतून एखादी यायची, तीही पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची. आता जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्याला दोन-तीन असतात आणि त्यातल्या बहुतेकांची तक्रार शब्दाशब्दाला तुमच्यासारखी असते. गाडी समोर नाही, त्यामुळे शंभर टक्के काही सांगता येणार नाही. पण ब्रेक मारल्यावर पुढच्या दिव्यातून पाणी येणं ही खूण इतकी बोलकी आहे, की मी आधी रबराकडे बघणारच नाही.

मुळात एक गैरसमज काढून टाकू. काचेभोवतीचं रबर पाणी शंभर टक्के अडवायला नसतंच. सरकणाऱ्या वस्तूला पूर्ण पाणीबंद करणं अवघड. रबर फार घट्ट केलं तर काच सरकणार नाही, सैल ठेवलं तर पाणी येणार. म्हणून कंपन्या गृहीतच धरतात की थोडं पाणी रबर ओलांडून आत येईल. काचेखाली छताच्या आत चारही बाजूंनी एक उथळ पन्हळ असते. तिच्या कोपऱ्यांना भोकं, भोकांना नळ्या. पुढच्या दोन नळ्या पुढच्या काचेच्या शेजारच्या खांबांतून, म्हणजे ए पिलरमधून, खाली उतरतात आणि दरवाज्याच्या बिजागरीजवळ किंवा मडगार्डच्या आत उघडतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून जाऊन मागच्या चाकाजवळ किंवा बंपरच्या आड सुटतात. नेमकी जागा मॉडेलप्रमाणे बदलते, रचना हीच.

आपल्याकडची जुनी कौलारू घरं आठवा. दोन पाखी जिथं मिळतात तिथं पत्र्याची पन्हळ असायची. कौलं कितीही नीट बसवलेली असोत, त्या पन्हळीत शेजारच्या चिंचेचा पाला साठला की पहिल्या मोठ्या पावसात पाणी माजघरात. तेव्हा कुणी छप्पर बदलत नव्हतं. शिडी लावून पाला काढायचे. तुमच्या गाडीत तेच झालं असावं. पुढची एक किंवा दोन्ही नळ्या तुंबल्यात, पन्हळ भरलीय, आणि उताराला ब्रेक मारल्यावर ते साठलेलं पाणी पुढे धावून काठावरून सांडतंय. छताच्या अस्तरावर पडलेलं पाणी सगळ्यात सोपी वाट शोधतं, ती म्हणजे दिव्याचं भोक. उरलेलं खांबातून उतरून पायाशी. म्हणूनच ज्यांची मागची नळी तुंबते त्यांना आत काही दिसतच नाही. एके दिवशी पंक्चर काढायला डिकीतलं झाकण उचलतात आणि स्टेपनी पाण्यात तरंगत असते.

आता सिलिकॉनचं. ते भरलं की सनरूफ कायमचं बंद, हे तर झालंच. पण ते वाहून पन्हळीत उतरतं आणि नळीच्या तोंडावर जाऊन बसतं. पाणी कुठून तरी आत येतच राहतं आणि आता त्याला जायला वाटच उरत नाही. मागच्या वर्षी अशी एक गाडी माझ्याकडे आली होती. नळी साफ करायला जे लागलं असतं त्याच्या चौपट वेळ वाळलेलं सिलिकॉन खरवडून काढायला गेला.

पण थांबा, नळीवर खापर फोडण्याआधी एक शक्यता तपासून घ्या. डाव्या बाजूचं मॅट एसीच्या पाण्यानेही ओलं होतं. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या बहुतेक गाड्यांत एसीचा कूलर डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या पोटात असतो. त्याची पाणी सोडायची नळी तुंबली की ते पाणी गाडीतच उतरतं. ओळखायला सोपं आहे. कोरड्या दिवशी तासभर एसी लावून गाडी उभी करा आणि खाली वाका. गाडीखाली पाण्याचं थारोळं नसेल आणि आत मॅट ओलं होत असेल, तर दोष एसीचा. दिव्यातून पडणारं पाणी मात्र एसीचं नसतं, त्यामुळे तुमच्या बाबतीत माझा संशय वरच आहे. तरी दोन्ही दुखणी एकाच वेळी असलेल्या गाड्याही मी पाहिल्यात. छतावरच्या अँटेनाचं रबर, छतावरचे रेल, पुढच्या काचेचं चिकटवण हीसुद्धा पाण्याच्या शिरकावाची ठिकाणं आहेत. पण ती पाण्याची चाचणी करून झाल्यावर बघायची.

चाचणी घरी होते. गाडी सपाट जागी लावा. सनरूफ पूर्ण उघडा. आत ओल्या फडक्याने पन्हळ आधी पुसून घ्या, म्हणजे वरचा कचरा पाण्याबरोबर नळीत जाणार नाही. मग एका बाटलीत अर्धा लिटर पाणी घेऊन पुढच्या डाव्या कोपऱ्यातल्या भोकाजवळ संथ धार सोडा. बादली उपडी करायची नाही, पन्हळ भरून सांडेल आणि तुम्ही स्वतःच अस्तर भिजवाल. दुसऱ्या माणसाला खाली बसवा. काही सेकंदांत चाकाजवळ किंवा दरवाज्याच्या बिजागरीकडे धार दिसली पाहिजे. धार आली, नळी ठीक. थेंब थेंब आलं, अर्धी तुंबलीय. पन्हळीत पाणी तसंच उभं राहिलं, पूर्ण बंद. पाणी पन्हळीतून गेलं पण खाली कुठेच आलं नाही, तर मात्र ओतणं ताबडतोब थांबवा. याचा अर्थ नळी मध्येच निसटलीय किंवा फाटलीय आणि पाणी खांबात उतरतंय. चारही कोपरे असेच बघा.

तुंबलेली नळी उघडायला मी गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी वापरतो. दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीची. टोक मेणबत्तीवर धरून गोल करून घ्यायचं, म्हणजे नळीला टोचत नाही. वरून हळूहळू सोडायची, थोडी फिरवायची, अडली की मागे घ्यायची. जोर लावायचा नाही. तार, सायकलची ब्रेक केबल, छत्रीची काडी हे प्रकार नकोत. नळी मऊ असते, भोक पडलं की ते छताचं अस्तर उतरवल्याशिवाय दिसत नाही. बऱ्याच गाड्यांत नळीच्या खालच्या तोंडाला रबराची चिरलेली चोच असते. पाणी बाहेर जावं, पण धूळ-किडे वर येऊ नयेत म्हणून. कासच्या रस्त्याची तांबडी माती या चोचीत बसली की ती वाळून चिकटते. अशा वेळी वरून कितीही दोरी घाला, उपयोग नाही. खालून चोच बोटांनी चोळून मोकळी करावी लागते. तिथं हात पोचत नसेल तर चाकाच्या आतलं प्लास्टिक काढावं लागतं, हे काम गॅरेजला द्या.

हवेचा कंप्रेसर या बाबतीत माझा जुना वैरी आहे. सुरुवातीच्या काळात एका गाडीची नळी मी पंक्चरच्या हवेनं फुंकली. फटकन आवाज आला, कचरा उडाला असं समजून गाडी दिली. चार दिवसांनी गिऱ्हाईक परत, आता गाडीत दुप्पट पाणी. बऱ्याच गाड्यांत नळी वरच्या तोटीवर नुसती दाबून बसवलेली असते, क्लिप नसते. माझ्या हवेनं ती तोटीवरून उडाली होती. अस्तर उतरवून, नळी बसवून, अस्तर परत चढवायला दीड दिवस गेला आणि मजुरी अर्थातच घेता आली नाही. तेव्हापासून मी कंप्रेसर लावत नाही. तुम्हाला कुणी ‘हवा मारून देतो’ म्हणालं, तर आधी दोरी घाला म्हणावं.

आणखी एक. पिलरवरचं प्लास्टिक घरी ओढून काढू नका. आजकालच्या अनेक गाड्यांत पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग पिलरपासून छताच्या कडेनं बसवलेल्या असतात. बॅटरी सोडून, थोडा वेळ थांबून, माहीत असलेल्या माणसानेच तिथं हात घालायचा.

नळी मोकळी झाली म्हणजे काम संपलं असं नाही. आत गेलेल्या पाण्याचं काय? मॅट उन्हात टाकून भागत नाही, कारण त्याखालच्या कार्पेटला जाड फोम असतो आणि तो पाणी आठवडेच्या आठवडे धरून ठेवतो. कुबट वास, सकाळी काचांवर आतून धुकं, ही त्याचीच लक्षणं. त्यात पायाशी आणि सीटखाली वायरिंगचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, असतात. ते हिरवे पडले की सहा महिन्यांनी सेंट्रल लॉक आपोआप उघडायला लागतं आणि कुणालाही सनरूफ आठवत नाही. कार्पेट कडेनं उचला, खाली रद्दीचे गठ्ठे सरकवा, दर दोन तासांनी बदला, टेबलफॅन लावून ठेवा. जुलैत साताऱ्यात ऊन कुठून आणणार, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. फोम फारच भिजला असेल तर सीट काढून कार्पेट बाहेर काढणं बरं.

आता थोडं सनरूफच्या चालण्याविषयी, कारण पुढची तक्रार बहुधा तीच असेल. बटण दाबलं की मोटर फिरते. मोटरच्या दात्यात दोन केबल अडकलेल्या असतात. जाड, पिळदार, ढकलताही येतात आणि ओढताही येतात अशा. त्या डाव्या-उजव्या ॲल्युमिनियमच्या रुळांतून काचेचे सरकते पाय ढकलतात. पायांना तिरपी खाच असते, त्यामुळे काच आधी मागून उचलते किंवा खाली बसते आणि मग सरकते. मोटरमधला सेन्सर फेरे मोजतो, त्यावरून काच कुठं आहे हे गाडीला कळतं. काच बंद होताना काही आडवं आलं तर मोटर थांबून उलटी फिरते. कुणाचा हात सापडू नये म्हणून ही सोय.

ही सोयच लोकांना फसवते. माण तालुक्यातल्या दहिवडीकडून एक गाडी आली होती. काच अर्ध्यात यायची आणि परत उघडायची. मोटर बदलायची तयारी करूनच मालक आले होते. रुळांत बघितलं तर कुणीतरी चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस भरपूर चोपडलेलं, त्यावर माणची धूळ बसलेली. उटण्यासारखा लगदा झाला होता. मोटरला तो अडथळा वाटायचा आणि ती इमानदारीनं माघारी फिरायची. सगळं पुसून, रुळांवर कंपनीने सांगितलेलं पातळ ग्रीस बोटभर लावलं आणि काम झालं. रुळांना ग्रीस कमी लावलं तर चालतं, जास्त चालत नाही. रबराला तर तेल, पेट्रोलमधलं काही किंवा गंज सोडवायचे स्प्रे कधीच नकोत, रबर फुगतं किंवा तडकतं. ओल्या फडक्याने पुसायचं, वाळवायचं आणि सिलिकॉनवाला रबर-केअरचा पातळ हात द्यायचा. इथं कुणी म्हणेल, आत्ताच सिलिकॉनला शिव्या दिल्या की! तो चिकटवायचा सिलिकॉन, हा मऊ ठेवायचा. नाव एक, धंदा वेगळा. खराब रस्त्यावर छतातून कुरकुर येते तीही बऱ्याचदा कोरड्या रबराचीच असते.

बॅटरी काढली किंवा पूर्ण उतरली की कधीकधी सेन्सर मोजणी विसरतो. मग एका स्पर्शात काच उघडत नाही, थोडी थोडी सरकते. बिघाड नाही तो. बटण बंद करायच्या दिशेनं काही सेकंद दाबून धरलं की बऱ्याच गाड्यांत काच एक फेरी मारते आणि मोजणी पुन्हा बसते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात असते, तीच करा. इंटरनेटवरची दुसऱ्या मॉडेलची युक्ती लावू नका.

रबर आणि काच यांचा दोष असतोच कधीकधी, तो मी नाकारत नाही. काच बंद असताना तिची पुढची कड छताच्या बरोबरीत किंवा किंचित खाली, मागची बरोबरीत किंवा किंचित वर असायला हवी. हाताचा तळवा फिरवला तरी समजतं. काच एका बाजूला बसकी असेल तर पाणी आणि वाऱ्याची शिट्टी दोन्ही येतात. दहाची नोट रबरात धरून काच बंद करा आणि नोट ओढा. सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. एका ठिकाणी सहज सुटली तर तिथं रबर चेपलंय किंवा काचेची उंची बिघडलीय. उंचीचे स्क्रू बहुतेक गाड्यांत असतात, असेंब्ली बदलायची गरज नसते. असेंब्ली खरोखर बदलावी लागते ती चौकट वाकल्यावर किंवा पन्हळच तडकल्यावर.

आणि चौकट वाकते कशानं, हे सांगायला हवं. कासला फुलांच्या दिवसांत जाऊन बघा. निम्म्या गाड्यांतून मुलं वर आलेली असतात आणि काही ठिकाणी मोठी माणसं चौकटीवर कोपर टेकून, नाहीतर चक्क छताच्या काठावर बसलेली. काच सरकायला केलेल्या रुळांवर माणसाचं वजन यायला नको. हे झालं गाडीचं. माणसाचं त्याहून वाईट. घाटात अचानक ब्रेक लागला तर पोट त्या कडेवर आपटतं, बाहेर फांद्या आणि लोंबत्या तारा आहेतच, आणि उभ्या माणसाला ना सीटबेल्ट ना एअरबॅग. बेल्ट नसल्याचा दंड होतो, पण तो सगळ्यात स्वस्त भाग झाला.

धबधब्याचंही तसंच. २०२३ मध्ये धबधब्याखाली उभ्या केलेल्या गाडीत सनरूफकडून पाणी आल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि तेव्हापासून प्रत्येकाला आपली गाडी धबधब्याखाली घालून बघायची असते. नळ्या पावसाच्या मापाच्या असतात, वरून कोसळणाऱ्या लोटाच्या नाही. धुवायच्या प्रेशर गनचंही तेच, तिचं तोंड काचेच्या फटीवर रोखू देऊ नका.

आपल्या जिल्ह्यात याची काळजी जास्त घ्यावी लागते, कारण पश्चिमेला महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि पूर्वेला माण-खटावात पाचशेच्या आतबाहेर. एकाच गाडीला सोमवारी वडूजची धूळ आणि रविवारी महाबळेश्वरचं पाणी मिळतं. धूळ पन्हळीत बसते, पाणी तिचा चिखल करतं, चिखल नळीत वाळतो. त्यात कराड-सांगली पट्ट्यात गळीत हंगामात कारखान्यांच्या धुराड्यातून काळी काजळी पडते ती वेगळीच. गळीत हंगामात भरलेली पन्हळ पावसाळ्यात गळते, असं आमच्याकडे पोरं चेष्टेनं म्हणतात. गुलमोहर आणि चिंचेखाली गाडी लावणाऱ्यांनी तर जपावंच. त्यांची पानं इतकी बारीक की सरळ भोकात जातात. आंब्याचं पान निदान वर अडकतं तरी.

म्हणून माझा हिशोब असा: मृगाच्या आधी, मे संपत आला की, एकदा सनरूफ उघडून पन्हळ पुसायची, चारही कोपऱ्यांत पाणी घालून बघायचं. घर शाकारतो तेव्हाच गाडीही शाकारायची. दुसऱ्यांदा दिवाळीच्या आसपास, पाऊस थांबल्यावर, रूळ आणि रबर पुसायचं. महिन्यातून एकदा तरी काच उघडून बंद करायची. वर्षभर न हलवलेलं रबर चिकटतं आणि पहिल्या दाबाला फाटतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज संध्याकाळी पाऊस थांबला की बाटली घेऊन पाण्याची चाचणी करा. गाडी अजून वॉरंटीत असेल तर दोरी स्वतः घालू नका, चाचणीचा व्हिडिओ काढून सर्व्हिस सेंटरला दाखवा. तोवर गाडी उताराला नाक खाली करून लावू नका, थोडं चढाकडे तोंड ठेवा म्हणजे पाणी मागच्या नळ्यांकडे जाईल. मागच्या नळ्या मात्र आधी तपासून घ्या, नाहीतर पाणी पुढून मागे नेल्यासारखं होईल. आणि असेंब्ली बदला म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याला एवढंच विचारा, ‘नळ्यांत पाणी ओतून बघितलंत का?’ बघितलं असेल तर तो कुठल्या कोपऱ्यात अडतंय ते बोटानं दाखवेल. नसेल बघितलं, तर तिथेच त्याच्या हातात बाटली द्या.